अर्थमंत्री महोदया, माझ्या पत्त्यातल्या आडव्या रेघा परत द्या

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
सा. न. वि. वि.

तुम्ही कामात असणार म्हणून थेट मुद्द्यावर येते. मी तोक्योत एदोगावा वॉर्डात राहते, इथेच नोकरी करते, आणि गेल्या आठवड्यात माझं भारतातलं एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं रुपयातलं खातं) बँकेनं गोठवलं. कारण एका ओळीचं, "पत्त्याची पडताळणी झाली नाही". पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता त्याच खात्यातून जातो, तो बाउन्स झाला, त्यावर दंड लागला, आता सिबिल स्कोअरचं काय होतंय ते बघायचं. खात्यात पैसे होते बरं का. पैसे माझेच, हप्ताही माझाच, फक्त मी कुठे राहते यावर बँकेचा विश्वास नाही. बँकेचं नाव घेत नाही, कारण इथल्या मैत्रिणींकडे चौकशी केली तर प्रत्येकीची बँक वेगळी आणि रड तीच.

आता पत्त्याचं ऐका. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. आधी वॉर्ड, मग वस्तीचं नाव, मग तिचा कितवा भाग ज्याला चोमे म्हणतात, मग ब्लॉकचा नंबर, मग इमारतीचा, शेवटी खोलीचा. म्हणजे ५-१४-३-४०२ असं काहीतरी. १९६२ साली यासाठी कायदा केला त्यांनी, तरी जुन्या वस्त्यांमध्ये अजून जमिनीच्या तुकड्यांचेच नंबर चालतात आणि ३ च्या शेजारी ४ सापडेलच असं नाही, सुरुवातीला मी स्वतःच्या घराला प्रदक्षिणा घालायचे. पण पोस्टमनला सापडतं, कुरियरवाल्याला सापडतं, घर बदललं की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला कळवायचं आणि ते आमच्या रेसिडेन्स कार्डाच्या मागे नवा पत्ता टाकून देतात, विषय संपला.

विषय सुरू होतो आपल्या फॉर्मपाशी. बँकेच्या केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख आणि पत्ता तपासायच्या, फॉर्ममध्ये रस्त्याचं नाव, लाल चांदणी, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, नसलेल्या रस्त्याचं नाव काय लिहू, "रोड" लिहून सोडून दिलं. पिनकोड सहाच आकडी, इथला सात आकडी, शेवटचा आकडा पडला. आणि आडवी रेघ टाकली तर "स्पेशल कॅरॅक्टर चालणार नाही". रेघा काढल्या की उरलं ५१४३४०२. मग याच पत्त्यावर बँकेनं पडताळणीचं पत्र पाठवलं आणि ते परत गेलं. जाणारच ना! तोक्योच्या पोस्टमननं एक्कावन्न लाख त्रेचाळीस हजार चारशे दोन नंबरचं घर शोधायचं होतं का? वर पाकिटावर माझं, नवऱ्याचं आणि आडनावाचं मिळून लांबलचक नाव, आणि इथे पत्रपेटीवरच्या नावाशी जुळलं नाही तर पोस्टमन बरेचदा पत्र टाकत नाही.

कस्टमर केअरचा १८०० वाला नंबर परदेशातून लागत नाही. ईमेल केला तर उत्तर, शाखेत समक्ष या. पुण्याला! एका आडव्या रेघेसाठी! रजा तुम्ही देणार का विमानाचं तिकीट? आई ७४ वर्षांची आहे, ती माझ्या वतीनं शाखेत जाऊन बसली तर तिला सांगितलं की खातेदारच पाहिजे, आणि पत्त्याचा पुरावा जपानी भाषेत असल्यामुळे त्याचं साक्षांकित इंग्रजी भाषांतर पाहिजे. म्हणजे इथलं सरकार खात्री देतंय की ही बाई इथे राहते, पण आपल्या बँकेच्या काउंटरला ते पुरेसं नाही. गुडघेदुखीची बाई तासभर टोकन हातात घेऊन बसली आणि हात हलवत घरी आली, त्याचा राग मला दंडापेक्षा जास्त आहे हे स्पष्टच सांगते.

तुम्ही २०२३ च्या बजेटमध्ये म्हणाला होता की सगळ्यांना एकच माप लावणार नाही, केवायसी सोपी करू. २०२५ च्या बजेटमध्ये म्हणालात की सेंट्रल केवायसी रजिस्ट्री, म्हणजे या तपासणीची देशभराची एकच नोंदवही, नव्यानं आणतोय. मी टाळ्या वाजवल्या होत्या हो, इथे दुपारी बसून भाषण ऐकलं होतं. सोपी कुणासाठी झाली ते एकदा कळवा.

आणि गंमत बघा, तुमच्याच इन्कम टॅक्सवाल्यांनी यावर तोडगा काढून ठेवलाय, परदेशी पत्ता असेल तर राज्याचा कोड ९९ आणि पिन ९९९९९९. पिनकोडमध्ये ९ नं सुरू होणारे नंबर लष्करी टपालाचे असतात, म्हणजे कागदोपत्री आम्ही सगळे सीमेवर तैनात! वाईट याचं वाटतं की १५ ऑगस्ट १९७२ ला हा पिनकोड आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे पंडित, त्यांनी पत्र माणसापर्यंत पोचावं म्हणून सहा आकडे दिले आणि आपण त्या सहा आकड्यांनी माणूसच अडवतोय.

दुबईतल्या माझ्या मावसभावाकडे तर पोस्टकोडच नाही, त्या देशातच नाही, त्याचा पत्ता म्हणजे कंपनीचा पीओ बॉक्स, तो बिचारा रकान्यात शून्यं भरतो. आयर्लंडमध्ये २०१५ पर्यंत खेड्यापाड्यात कोडच नव्हते, एका वस्तीत सगळ्यांचा पत्ता सारखा आणि पोस्टमन नावावरून ओळखायचा. जग असंच आहे मॅडम, सगळीकडे गल्ली नंबर चार आणि मारुतीच्या देवळामागे नसतं. जागतिक टपाल संघटनेत भारत १८७६ पासून आहे, दीडशे वर्षं होत आली, इतक्या वर्षांत दुसऱ्या देशात पत्ता वेगळा लिहितात एवढं तरी कळायला हवं होतं.

बरं, आपलं सरकार मागे आहे असंही नाही. टपाल खात्यानं २०२५ मध्ये डिजिपिन आणला, देशातल्या चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी कोड. मी बघितला. तो लिहितात कसा माहितीये? मध्ये दोन आडव्या रेघा देऊन!! म्हणजे उद्या हा सरकारी कोडसुद्धा माझ्या बँकेचा फॉर्म नाकारणार.

परदेशातल्या भारतीयांनी २०२४-२५ मध्ये १३५ अब्ज डॉलर घरी पाठवले, तुम्ही लोक हा आकडा भाषणात अभिमानानं सांगता. पैसा येताना कुणी पत्ता विचारत नाही, रेघ अडत नाही, पिन अडत नाही. आम्ही आमचाच पैसा वापरायला गेलो की आम्ही हाय-रिस्क, म्हणजे जोखमीचे खातेदार. हजारो कोटींचं कर्ज बुडवून पळून गेलेले लोक लंडनमध्ये कुठे राहतात ते सगळ्यांना पत्त्यासकट माहीत असतं, त्यांची खाती कधी "पत्ता सापडला नाही" म्हणून अडली होती का?

मागणं फार नाही. देश भारत नसेल तर पिन आणि रस्त्याची सक्ती काढा, रेघ आणि तिरकी रेघ चालू द्या, आणि परदेशी सरकारनं दिलेला रहिवासी दाखला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर तो धरा. रिझर्व्ह बँकेला एक पत्र लिहिलंत तरी पुष्कळ होईल. आणि ते लिहिण्याआधी तुमच्या कुठल्याही एका सहसचिवांना समोर बसवा, कोणत्याही सरकारी बँकेचा एनआरआय केवायसी फॉर्म उघडायला लावा, देश जपान निवडायला सांगा आणि तुमच्यासमोर सबमिट करून दाखवायला सांगा. त्यांचा चहा गार झाला तरी उठू देऊ नका.

आपली,
एक हाय-रिस्क खातेदार, तोक्यो