२७ टक्के म्हणजे काय, ते नीट छापा

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतील लेकानेमॅब या अल्झायमरवरील औषधावरचा लेख वाचला. या विषयाला अर्धे पान दिलेत याबद्दल आभार. पण 'अल्झायमरचे रुग्ण २७ टक्के बरे होतात' हे ठळक टायपातले वाक्य साफ चुकीचे आहे, आणि घरात असा रुग्ण असलेल्या माणसाच्या मनात नेमके तेच राहणार आहे.

या औषधाने कोणी बरे होत नाही. १,७९५ जणांवरील दीड वर्षाच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचीही तब्येत घसरलीच, फक्त जरा सावकाश. आजार मोजण्याच्या पट्टीत स्मरण, स्थळकाळाचे भान, निर्णयशक्ती, बाहेरचे व्यवहार, घरकाम व छंद आणि स्वतःची निगा या सहा बाबींना प्रत्येकी ० ते ३ असे एकूण १८ गुण असतात. गुण वाढले की आजार वाढला. औषध न मिळालेल्या गटाचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१ ने. फरक ०.४५. हे ०.४५ म्हणजे १.६६ चे २७ टक्के. तुमचा आकडा आला तो इथून. १८ पैकी अर्ध्या गुणाहून कमी असलेला हा फरक घरच्यांना जाणवतो का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. माझ्या मते तो खरा आहे, पण लहान आहे.

लेखात 'उपचार सुरू केले' एवढेच आहे. ते सुरू कसे करतात, हे कोण सांगणार? आजार अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असावा लागतो. जेवायचे भरवावे लागणाऱ्या रुग्णासाठी हे औषध नाही. मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साठत जाणारे एक प्रथिन) साचले आहे हे पेट स्कॅनने किंवा पाठीतून पाणी काढून सिद्ध करावे लागते. मग दर किलो वजनाला १० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी शिरेतून, साधारण तासभर. दीड वर्षात ३९ वेळा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे धोक्याबद्दल एक ओळही नाही. औषध अमायलॉइड उपसून काढते, पण तेच अमायलॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असते. ते निघताना भिंती झिरपतात: मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतात. चाचणीत १२.६ टक्के रुग्णांना सूज आली. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्यांत जवळजवळ तिघांतल्या एकाला. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून पाचव्या, सातव्या व चौदाव्या डोसआधी एमआरआय करतात. २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिसऱ्या डोसआधीही एक सुचवला. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर बहुतेक तज्ज्ञ हा उपचार टाळतात. आणि अशा रुग्णाला अचानक डोकेदुखी, गोंधळ किंवा हातापायात कमजोरी आली, तर नातेवाइकांनी अपघात विभागात पाऊल टाकताच हे औषध चालू असल्याचे सांगावे. ही सूज हुबेहूब पक्षाघातासारखी दिसू शकते, आणि पक्षाघात समजून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले तर मेंदूत जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

विसरणाऱ्या प्रत्येकाला अल्झायमर नसतो, हेही लेखात यायला हवे होते. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, काही आठवड्यांपूर्वीच्या पडण्याने कवटीखाली साठलेले रक्त यांनीही माणूस विसरतो. त्यांची तपासणी साधी आहे आणि त्यांतले बरेच दुरुस्त होते. शाकाहारी घरांत तर बी-१२ आधी पाहावे.

आणखी एक. चौकटीत डिमेन्शियाला (स्मृतिभ्रंशाला) 'वेडसरपणा' म्हटले आहे. हा शब्द वापरू नका. या शब्दाच्या लाजेपायीच लोक दोन-दोन वर्षे डॉक्टरकडे येत नाहीत, आणि सुरुवातीचा टप्पा तेवढ्यात निघून जातो.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, ही विनंती.

— एक मेंदूविकारतज्ज्ञ, नाशिक