मंत्री महोदय, शाळेच्या फाटकापासून पानठेला ६१ मीटरवर आहे

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी नागपूरची. जेवणाचे डबे करून घर चालवते. मागच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी तुम्ही आमच्या वस्तीत आला होता. शाळेजवळच्या पानठेल्यांचा अर्ज आम्ही बायांनी तुमच्या हातात दिला. तुम्ही तो वाचला, बाजूच्या साहेबांकडे सरकवला आणि माइकवरून सांगितलं, "पंधरा दिवसांत इथे एकही ठेला दिसणार नाही." सगळ्यांसोबत मीही टाळ्या वाजवल्या.

गेल्या मंगळवारी माझा दहावीतला मुलगा शिकवणीहून आला तो थेट मोरीत. उलट्या थांबेनात, हात थरथरत होते. पाठीवर हात ठेवला तर त्याचं काळीज माझ्या तळहाताला लागत होतं, इतकं जोरात धडधडत होतं. रात्री अकरा वाजता शेजाऱ्याच्या ऑटोने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बसवून त्याला बोलतं केलं. घरी येऊन कंपासपेटी उघडली तर आत करकटकाशेजारी एक निळी कांडी. मला पेन ड्राइव्ह वाटली. नाकाशी धरली, तर पिकल्या आंब्याचा वास.

ती ई-सिगारेट होती, पोरं वेप म्हणतात ती. तिघा मित्रांनी वर्गणी काढून घेतली होती. शाळेसमोरच्याच ठेल्यावरून, तुम्ही हटवणार होतात त्याच. समोर मांडलेली नसते, ओळखीच्या पोरांना काउंटरखालून मिळते. आणि माझं लेकरू मला समजावत होतं, "आई, यात तंबाखू नाही ना, नुसती वाफ असते."

साहेब, हे वाक्य मी आठ दिवस उशाशी घेऊन झोपते आहे. ती पाण्याची वाफ नाही. निकोटिनचं द्रावण तापवून छातीत ओढतात. पंचविशीपर्यंत माणसाचा मेंदू घडत असतो आणि त्या वयात निकोटिन लवकर पकड घेतं, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. माझा मुलगा चार महिन्यांपासून ताट ढकलून उठत होता, मी दहावीचं टेन्शन समजत होते. सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा असतो, व्यसन सोडायला १८००-११-२३५६ हा फोन नंबर असतो. या कांडीवर आंब्याचं चित्र आहे. आत काय भरलंय, किती भरलंय, एक अक्षर नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं निकामी व्हायला लागली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू मोजले गेले. त्यातल्या बहुतेकांच्या वेपमध्ये गांजाचा अर्क होता आणि त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं निघालं. ओढणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. माझ्या मुलाच्या कांडीत काय होतं, हे मला कोण सांगणार?

माझ्या घराला तंबाखू नवीन नाही. यांना खर्रा लागायचा. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटत बसायचे, दिवसाला सात-आठ. आधी तिखट सोसेना, मग तोंडात दोन बोटं जाईनात, मग एक. जबड्याच्या ऑपरेशननंतर अकरा महिने मी त्यांना नळीतून वरणाचं पाणी दिलं. माझे डबे चाळीस घरी जात होते आणि घरच्या माणसाच्या तोंडात घास जात नव्हता. ते गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. बापाला असं जाताना पाहिलेलं लेकरूसुद्धा या धंद्याने गाठलं, तेव्हा "संस्कार कमी पडले" असं मला कोणी सांगू नये.

बुधवारी ठाण्यात गेले. त्यांनी दोन तास बसवलं, मग ठेल्यावर माणूस पाठवला. दोनशे रुपयांची पावती फाडली. शुक्रवारी ठेला उघडा. ठेलेवाला म्हणतो, "ताई, पोट्टे येऊन राहिले, मी काय करू?"

दोनशे रुपये! २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे लेकराला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. डबेवालीला हे वाचून कळतं, तर ठाण्यात का कळत नाही? २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे ९१ मीटरमध्ये, तंबाखू विकता येत नाही. मी शिलाईची टेप घेऊन गेले. शाळेच्या फाटकापासून ठेल्यापर्यंत ६१ मीटर भरले. जी पिवळी रेघ शाळेभोवती आखायची म्हणतात, ती मला कुठेच दिसली नाही. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद, सुटी सिगारेट २०२० पासून बंद. त्या ठेल्यावर दोन्ही मिळतं.

तुम्ही सगळे दर डिसेंबरला इथे येता. तुमच्या गाड्या जाणार म्हणून रस्ते डांबरी होतात, दुभाजक रंगतात. एका रात्रीत होतं हे सगळं. मग सरकारला येत नाही असं नाही, आमच्या पोरांसाठी करायचं नाही एवढंच. तंबाखूवर कर घेता, तंबाखूमुक्त शाळेच्या शपथा घ्यायला लावता, आणि कॅन्सर वॉर्डाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून आम्ही झोपायचं. देशात १३ ते १५ वयाच्या शंभरातली आठ-नऊ मुलं तंबाखू वापरतात, असं २०१९ च्या सरकारी पाहणीतच आलं. ज्यांनी खायचा तंबाखू चाखला, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी वयाच्या दहा वर्षांआधीच. तुमच्याच कागदावर आहे हे.

मला ठेलेवाल्याचं पोट मारायचं नाही. त्याला ९१ मीटरच्या पलीकडे जागा द्या, चहा-पोहे विकू द्या. त्याला कांडी पुरवणारा कोण, तो पकडा. कलम ७७ लावा, पावती नको. आणि व्यसन सोडवायला मुलांना ठाण्यात नव्हे, समुपदेशकाकडे न्या. माझा मुलगा रात्री दोनला उठून घरात फेऱ्या मारतो, मी त्याच्यामागे बसून राहते, मला याहून काही येत नाही.

येत्या सोमवारी शाळा सुटताना मी परत टेप घेऊन जाणार आहे. एकटीने मोजताना टेप दर वेळी उचलून पुढे सरकवावी लागते. तुमच्या विभागाचा कोणी माणूस दुसरं टोक धरायला आला, तर बरं होईल.

आपली,
दहावीतल्या मुलाची आई, नागपूर