'जपून राहा' हे काही औषध नाही

मा. संपादक,
स.न.

तुमच्या आरोग्य पुरवणीत अधूनमधून हाडांच्या ठिसूळपणावर लेख येतात, मी ते सगळे वाचते, आणि दरवेळी मला प्रश्न पडतो की हे नक्की कोणासाठी लिहिलंय. विशीत तिशीत हाडं कशी कमवावीत, कॅल्शियम किती घ्यावं, उन्हात किती बसावं, आणि शेवटी 'वेळीच काळजी घ्या'. अहो पण ज्यांची ती वेळ कधीच निघून गेलीय त्यांनी काय करायचं? मी पन्नाशीतली नोकरी करणारी बाई, ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार, आहे असं निदान झालंय, आणि अजून बरीच वर्षं कामं करायचीत, फिरायचंय, जगायचंय. आमच्यासाठी त्या लेखात एक ओळ नसते.

निदान झाल्यावर जो तो एकच सांगतो, जपून. डॉक्टर म्हणतात जपून, घरचे म्हणतात जपून, ऑफिसमधल्या मैत्रिणी जपून, वाकू नको, उचलू नको, जिना चढू नको. माझी मुलगी हातातली पिशवी काढून घेते, "आई तू बस, मी करते", नवरा म्हणतो "अगं कशाला उगाच, राहू दे ना". प्रेमानेच म्हणतात, त्यात शंका नाही, पण दिवसभर हे ऐकून ऐकून आपण काचेचे आहोत असं स्वतःलाच वाटायला लागतं. गुडघा जरा कट् वाजला तरी छातीत धस्स होतं. रात्री झोप लागत नाही, मग मोबाईलवर काहीबाही वाचत बसायचं आणि अजून घाबरायचं. आणि हा सगळा सल्ला इमानदारीत पाळला तर काय होतं, तर माणूस बसून राहतो, बसून राहिला की स्नायू जातात, तोल जातो, हाडं अजून विरळ होतात आणि पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्याची भीती होती तेच आपण हाताने ओढवून घ्यायचं. अंतराळवीरांचं बघा, तरुण निरोगी माणसं, पण तिथे अंगावर भारच नसल्यामुळे त्यांच्या कंबरेच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्क्याने उतरते. हाडाला भार लागतो, तो काढून घेतला की शरीर म्हणतं याची गरज दिसत नाही.

रिपोर्टबद्दल पण कोणीतरी धड सांगायला हवं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचा कागद हातात येतो, त्यावर टी-स्कोअर उणे काहीतरी, शेजारी लाल पट्टा आणि खाली 'हाय रिस्क'. माझा उणे 2.7 होता. हा आकडा म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडांच्या मानाने तुम्ही किती खाली आहात ते. उणे 1 पर्यंत ठीक, उणे 1 ते उणे 2.5 च्या मधे ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं थोडी विरळ, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली आखली. आता उणे 2.4 वाली आणि उणे 2.6 वाली यांच्या हाडात असा काय मोठा फरक असणार, पण एक हसत घरी जाते आणि दुसरी रडत. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) फ्रॅक्चर होणाऱ्यांमधे बरेच जण ऑस्टिओपेनियावालेच असतात कारण त्यांची संख्याच जास्त. म्हणून नुसत्या स्कोअरवर न थांबता वय, वजन, आधी झालेलं फ्रॅक्चर, आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, सिगरेट, दारू, स्टिरॉइड, रुमॅटॉइड संधिवात हे सगळं धरून पुढच्या 10 वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती ते काढतात. फ्रॅक्स नावाचं हे गणित शेफिल्ड विद्यापीठातल्या लोकांनी 2008 मधे आणलं, इंटरनेटवर फुकट आहे, पाच मिनिटात होतं. मला याचा फार उपयोग झाला, कारण 'हाय रिस्क' म्हणजे उद्या सकाळी मोडणार असं नाही, दहा वर्षांत शंभरातल्या इतक्या जणींचं मोडेल असं आहे, हे डोक्यात शिरलं. मग त्या इतक्या जणींत आपण नसावं म्हणून काय करता येईल हा विचार सुरू होतो, आणि तो विचार रडण्यापेक्षा बरा.

अजून एक घोळ. "तुझं रक्तातलं कॅल्शियम तर नॉर्मल आहे, मग हाडं कशी ठिसूळ?" हे मला चांगल्या शिकलेल्या लोकांनी विचारलंय. रक्तातलं कॅल्शियम शरीर काहीही करून जागेवर ठेवतं, हृदय आणि नसा त्यावर चालतात, कमी पडलं की हाडातून काढतं. घरातली ठेव मोडून बाहेरची देणी वेळेवर भागवणाऱ्या माणसासारखं आहे हे, बाहेरून सगळं व्यवस्थितच दिसतं. त्यामुळे त्या एका तपासणीवरून हाडांचं काही कळत नाही.

आणि दोष देणं! "दूध पित नव्हतीस ना लहानपणी." एखादीला आजार झाला की तिने काय चुकवलं ते शोधायची घाई सगळ्यांना असते. हाडांचा साठा तिशीच्या आसपास जास्तीत जास्त असतो आणि तो किती व्हावा यात अनुवंशिकतेचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, ते काही कोणाच्या हातात नसतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, हाड खाणाऱ्या पेशी हाड बांधणाऱ्या पेशींच्या पुढे धावतात, आणि नंतरच्या पाच-सात वर्षांत काही बायकांची 20 टक्क्यांपर्यंत घनता जाते. पाळी 45 च्या आत गेली असेल तर हे सगळं आणखी लवकर. पण 'पाळी गेली म्हणून झालं' असं म्हणून सोडून पण देऊ नका. थायरॉइड जास्त चालणं, पॅराथायरॉइड या गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींचा बिघाड, ड जीवनसत्त्व कमी असणं, आतड्यातून नीट शोषण न होणं, तीन महिन्यांपेक्षा जास्त घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरची काही औषधं, अशी बरीच कारणं मागे लपलेली असू शकतात आणि काही ठीक करता येतात. डॉक्टरांना सरळ विचारायचं, माझं कशामुळे झालं ते शोधलंय का. पुरुषांच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण त्यांच्यात असं दुसरं कारण सापडण्याचं प्रमाण बरंच आहे, आणि त्यांना मुळात कोणी स्कॅन करा म्हणतच नाही.

आता मुख्य मुद्दा, हलायचं कसं. चाला म्हणतात सगळे, चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने कमावलेलं फार काही दिसत नाही. पोहणं, सायकल हृदयाला छान, हाडाला त्यातून भार कमी मिळतो. हाडाला हवं असतं वजन उचलणं आणि थोडा धक्का. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ असलेल्या 101 बायकांवर एक प्रयोग झाला, लिफ्टमोर नावाचा, 2018 मधे छापून आला. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, शिकवणाऱ्यांच्या नजरेखाली या बायकांनी बऱ्यापैकी जड वजनं उचलली, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठबस), बारला धरून उडी मारून खाली उतरणं. आठ महिन्यांनी त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी 2.9 टक्के वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची 1.2 टक्के उतरली. हे वाचून उद्याच जिममधे जाऊन बारबेल उचलू नका, 'नजरेखाली' हा शब्द त्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि ज्यांचा मणका आधीच दबलाय, म्हणजे मोडून खचलाय, त्यांचं प्रकरण वेगळं. पण 'काही उचलू नको' याच्या अगदी उलट दिशेला हे बोट दाखवतं की नाही?

नको ते काय, तर पाठीचा कणा गोल करून पुढे वाकणं. 1984 सालचा मेयो क्लिनिकचा जुना अभ्यास आहे, गट लहान होता, पण आकडे डोळ्यात भरतात. मणक्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांपैकी ज्यांनी पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केले त्यांच्यातल्या 16 टक्के जणींचे मणके नव्याने दबले, आणि ज्यांनी पुढे वाकण्याचे केले त्यांच्यात 89 टक्के. म्हणजे सिटअप्स, उभ्याने पायाचे अंगठे धरणं, झटक्याने कंबर पिळणं हे आपल्यासाठी नाही. खाली पडलेलं उचलायचं तर पाठ सरळ ठेवून खुब्यातून आणि गुडघ्यातून खाली जायचं, वस्तू अंगाजवळ धरायची. आठवड्याभरात सवय लागते. आता 'वाकू नको' आणि 'असं वाक' यात केवढा फरक आहे बघा, पहिल्याने माणूस घाबरतो आणि दुसऱ्याने शिकतो. मला निदानाच्या वेळी कोणी फिजिओथेरपिस्टकडे जा असं सांगितलंच नाही, दोन गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट आत आला.

गोळ्यांबद्दल पण बोलायला हवं कारण निम्म्या बायका त्या घेतच नाहीत, घाबरून. जबड्याचं हाड मरतं म्हणे. होतं तसं, पण हाडांच्या ठिसूळपणासाठी जो डोस देतात त्यात ते दहा हजारांत एखाद्या माणसाला किंवा त्याहून कमी, कॅन्सरसाठी देतात ते डोस बरेच जास्त असतात आणि भीती तिथून पसरलीय. दात काढणं वगैरे मोठं काम असेल तर आधी उरकून घ्यावं, आणि दातांच्या डॉक्टरांना औषध सांगावं. फार वर्षं घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड वेगळ्याच प्रकारे मोडतं, म्हणून मांडीत किंवा जांघेत सारखं दुखत राहिलं तर कळवायचं. आठवड्याची गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही, कॅल्शियमची गोळी तर त्यासोबत मुळीच नाही, नाहीतर औषध अंगाला लागतच नाही. हे नीट समजावलं तर जमतं, आणि पित्ताचा त्रास होणाऱ्यांना वर्षातून एकदा शिरेतून देतात ते पण आहे.

एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरात छापा. हाडांची झीज रोखणारं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन मनाने बंद करायचं नाही आणि तारीख लांबवायची नाही. ते थांबलं की हाडांची झीज काही महिन्यांत उसळून वर येते आणि काहींचे एकापाठोपाठ एक मणके दबतात. बंद करायचंच असेल तर मागोमाग दुसरं औषध लागतं, ते डॉक्टर ठरवतील. माझ्या ओळखीत एकींना 'सहा महिन्यांनी या' एवढंच सांगितलं होतं, का ते नाही. त्या म्हणाल्या, मला आता बरं वाटतंय, बघू पुढच्या वर्षी. बरं वाटण्याचा इथे काय संबंध, हा आजार मोडेपर्यंत दुखतच नाही!

आणि घरातली मंडळी मदत करू इच्छित असतील तर माझ्या हातातली पिशवी काढून घेण्यापेक्षा बाथरूममधे पकडायला दांडी बसवा, रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा ठेवा, पायात येणारी सतरंजी आणि वायरी उचला. चष्म्याचा नंबर तपासा, झोपेची किंवा बीपीची गोळी घेऊन उठल्यावर चक्कर येते का ते बघा. हे कंटाळवाणं वाटतं पण खुबा मोडतो तो जवळजवळ नेहमी पडूनच.

शेवटचं म्हणजे, पन्नाशीनंतर उभ्या उभ्या पडून ज्याचं मनगट मोडलं त्याला प्लास्टर घालून घरी पाठवणं पुरेसं नाही. एक हाड असं मोडलं की दुसरं मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, पण त्या माणसाला हाडांची तपासणी करा असं बहुतेकदा कोणी म्हणत नाही. तसंच तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा जास्त उंची कमी झाली असेल तर मणक्यांचा एक्स-रे मागून घ्यावा, मणके दबलेले बऱ्याच जणांना कळतही नाहीत, पाठदुखी समजून मलम चोळत बसतात.

20 ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो, तेव्हा पुरवणीत लेख येईलच. या वेळी एखाद्या हाडांच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना एकत्र बसवून आमचे प्रश्न विचाराल का? पाच वर्षं गोळ्या झाल्यावर थोडा काळ थांबवतात ते कोणासाठी चालतं आणि कोणासाठी नाही, स्कॅन परत कधी करायचा, वेगळ्या मशीनवर केला तर आकड्यांची तुलना करायची का, मणका दबलेल्या माणसाने किती वजनापासून सुरुवात करायची. उत्तरं मिळाली तर अर्धं पान तरी द्या.

आपली,
एक वाचक