सोमवारी गवंडी येतोय, परत पाठवू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांध्यांचं काढलं की आई विषयच बदलते म्हणून लिहितेय. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

सोमवारी गवंडी येतोय. मागचा संडास फोडून कमोड बसवणार, बाजूच्या भिंतीला धरायला दांडे, आणि नळ सगळे लिव्हरवाले, मनगटाने ढकलले तरी सुरू होतात. अ‍ॅडव्हान्स देऊन झालाय. पैशांचं दादाचं आणि माझं ठरलंय, त्याला फोन करून उलटतपासणी घेऊ नका. आजीच्या बंबाला कोणी हात लावणार नाही, तसं बजावून सांगितलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं हे खरं, पण विचारलं असतं तर आई 'दिवाळीनंतर बघू' म्हणाली असती, आणि कुठली दिवाळी ते सांगितलं नसतं.

आई, डॉक्टरांकडे तो प्रश्नांचा कागद होता ना, कपडे घालता येतात का, भरलेला पेला तोंडाशी नेता येतो का, मांडी घालून बसता येतं का. काहीच त्रास नसेल तर 0, जमतच नसेल तर 3. तू सगळीकडे शून्य सांगत सुटलीस! आणि घरी येऊन ब्लाउजचे हुक बाबांनी काढले. ती काय परीक्षा होती का गं? औषध पुरतंय की वाढवायचं हे त्यांना त्यावरूनही कळतं, तू 'जमतं जमतं' करत राहिलीस तर सांधे आतल्या आत खराब होत राहणार. हा म्हातारपणाचा वात नाहीये, हा आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) आहे, आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटलीये, म्हणून सकाळी तास-दीड तास बोटं वळत नाहीत. यात तुझा आळस कुठे आला?

पोळ्यांना समोरच्या काकूंकडच्या मावशी एक तारखेपासून येतील. तुझ्यासारख्या होणार नाहीत, माहितीये, बाबा चार दिवस तोंड वाकडं करतील आणि मग खातील. फोडणी तूच घाल, ती कोणी मागत नाहीये तुझ्याकडून. देवासमोर पाट नको, उंच स्टूल पाठवलंय, देव काही रागवत नाही.

शाळेत जाताना माझ्या दोन वेण्या इतक्या घट्ट घालायचीस की डोळे ताणले जायचे, आठवतं? आता तुझ्या केसांना तुझा हात पोचत नाही तर सरळ सांगायचं. बाबा, वेणी शिका, तीन पेड असतात फक्त. मी येईन तेव्हा मी घालीन, सैलसर.

आणि हो, सांध्यांचं ते औषध, मेथोट्रेक्सेट, रविवारीच, आठवड्यातून एकदाच, रोज अजिबात नाही. विसरलीस तर दुप्पट घेऊ नकोस, डॉक्टरांना फोन कर. फॉलिक अ‍ॅसिड सांगितलेल्या दिवशी. लिव्हरची आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही. मामाने आणलेल्या पुड्या टाकून दे, असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड सापडतं, त्याला वाईट वाटलं तर माझं नाव सांग. पुढच्या वेळी कागद भरताना मी शेजारी बसणार आहे, मग बघू किती शून्य येतात.

गवंड्याचा चहा बाबा करतील, आईने मोठं पातेलं उचलायचं नाही.

तुमची,
छकुली