एक पावसाळा आम्हाला तालुक्यात काढू द्या

मा. प्रकाश आबिटकर, सार्वजनिक आरोग्य मंत्री
मा. हसन मुश्रीफ, वैद्यकीय शिक्षण मंत्री
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, कारण माझं शिक्षण आपल्या दोन खात्यांच्या मधल्या जागेत अडकलं आहे. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषध वैद्यकशास्त्रात एम.डी. करते, म्हणजे सगळे ज्याला पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, आजार होण्याआधी रोखण्याचं शास्त्र) म्हणतात त्यात. तिसरं वर्ष चालू आहे. माझं कॉलेज आणि विद्यावेतन वैद्यकीय शिक्षण खात्याचं. ज्यावर मी शिकायचं ते उपकेंद्र, आशाताई, पाण्याची टाकी, तापाच्या रुग्णांची यादी, हे सगळं सार्वजनिक आरोग्य खात्याचं आणि जिल्हा परिषदेचं. सर्जरीच्या रेसिडेंटचं ऑपरेशन थिएटर त्याच्या कॉलेजच्या इमारतीत असतं. आमचं थिएटर दुसऱ्या खात्यात आहे, आणि तिथे जायला दरवेळी पत्र लागतं.

दुसऱ्या वर्षाला असताना एका गावात गॅस्ट्रोची साथ आली. आम्हाला ती पेपरातून कळली. परवानगी, गाडी, कोणाच्या सहीने जायचं, या सगळ्यात सहावा दिवस उजाडला. आम्ही पोचलो तोवर टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) पडलं होतं, सलाईन लावलेले रुग्ण घरी गेले होते. ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन पाहायची चाचणी) केली तर नळीत पिवळाधमक रंग, म्हणजे क्लोरीन भरपूर. त्या पाण्याचा नमुना घेऊन आता काय कळणार? निघायच्या बेतात असताना तिथले आरोग्यसेवक म्हणाले, "मॅडम, जरा माझ्याबरोबर चला." निवृत्तीला आलेला माणूस. त्यांनी आम्हाला गटारातून गेलेली पाइपलाइन दाखवली आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं काळं पाणी. नळ बंद झाला की हेच पाणी गळक्या जोडातून आत ओढलं जातं, पहिले तीन रुग्ण याच वळणावरच्या घरांतले, असं त्यांनी सांगितलं आणि खिशातली वही उघडून दाखवली. वहीत हाताने काढलेला नकाशा होता. रुग्ण कुठल्या घरांत आहेत ते दाखवणारा, पुस्तकात आम्ही ज्याला स्पॉट मॅप म्हणून घोकतो, तोच. माझ्या सगळ्या रेसिडेन्सीतला सर्वांत मोलाचा तास तो. पण मी तिथे सहा दिवस उशिरा पोचले होते.

आपण म्हणाल, जिल्हा निवासी कार्यक्रम आहे ना. आहे. २०२० पासून प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्ह्यात काम करणं बंधनकारक झालं, आणि मला तो नियम मनापासून पटतो. आमच्या विषयासाठी तर ते सोनं ठरायला हवं होतं. माझे तीन महिने हिवाळ्यात आले आणि त्यातले बरेचसे जनरल ओपीडीत गेले. तिथल्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. बाहेर दोनशे माणसांची रांग असताना हाताशी आलेल्या डॉक्टरला कोण साथीचे अहवाल वाचत बसू देईल? पीएसएमच्या रेसिडेंटने जिल्ह्यात नेमकं काय करायचं, हे त्यांना कोणी लेखी कळवलंच नव्हतं.

स्वातंत्र्याआधी देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये सुचवलं होतं की प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचं तीन महिने प्रशिक्षण द्यावं. ते साध्या एमबीबीएस डॉक्टरसाठी होतं. आज त्याच विषयाच्या तज्ज्ञाला जिल्ह्याच्या यंत्रणेत तीनच महिने मिळतात, आणि तेही असे जातात.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलेन बॅरे सिंड्रोमचे (हातापायांतली ताकद जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढत गेले तेव्हा सगळ्यांचं लक्ष व्हेंटिलेटर आणि महागड्या इंजेक्शनांकडे होतं. साहजिक आहे, घरातलं माणूस अतिदक्षता विभागात असताना दुसरं काही सुचत नाही. पण साथ कुठून आली याचं उत्तर शोधायला घरोघर फिरावं लागलं, विहिरीचे आणि नळांचे नमुने घ्यावे लागले, रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आहे का ते पाहावं लागलं. हे आमचं काम. ते हाताला वळण लागल्याशिवाय येत नाही, आणि साथ चालू असतानाच ते वळण लागतं.

म्हणून मागणी एवढीच आहे. पीएसएमच्या प्रत्येक रेसिडेंटला एक अख्खा पावसाळा, जून ते सप्टेंबर, एका तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली द्या. नियम मोडावा लागत नाही. जिल्हा निवासी कार्यक्रम तिसऱ्या ते पाचव्या सत्रात करायचा असतो, आणि त्या दीड वर्षात एक तरी पूर्ण पावसाळा येतोच. तीन महिने त्यातले, चौथा महिना आमच्या नेहमीच्या फील्ड पोस्टिंगमधला. त्यासाठी दोन्ही खात्यांचा एक संयुक्त शासन निर्णय लागेल. त्यात ओपीडीऐवजी साथसर्वेक्षणाची ड्युटी स्पष्ट लिहा, आयएचआयपी या साथींच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलचं लॉगिन द्या, तालुक्यात फिरायची गाडी आणि भत्ता कोणी द्यायचा ते ठरवा (बहुतेक गोष्टी इथेच अडतात), आणि साथीच्या अहवालावर तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या सहीखाली रेसिडेंटचीही सही घ्या. सही करायची म्हटलं की माणूस विहिरीपर्यंत चालत जातो.

सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र केडर, म्हणजे वेगळा अधिकारीवर्ग, असावं, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं आहे. ते व्हायला हवं, पण तो मोठा विषय आहे. मी त्याची वाट पाहून हे पत्र लिहीत नाही.

आपण दोघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. पंचगंगेला पूर येऊन ओसरला की चिखल, बुडालेल्या विहिरी आणि त्यामागून येणारे आजार आपण अनेकदा पाहिले असतील. त्या आठवड्यात शिरोळमध्ये किंवा करवीरमध्ये एक शिकणारा डॉक्टर आधीपासूनच हजर असेल, तर तिथल्या आरोग्यसेविकेला मदत होईल आणि तो डॉक्टर आयुष्यभरासाठी शिकेल.

पावसाळ्यापूर्वीचं पाणीस्रोतांचं सर्वेक्षण, ज्यात पाण्याच्या धोक्यानुसार लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं ते, एप्रिल-मेमध्ये होतं. शासन निर्णय त्याआधी निघाला तर पुढच्या बॅचला ते सर्वेक्षणही पाहता येईल. माझे तीन महिने होऊन गेले आहेत. हे मी माझ्यामागून येणाऱ्यांसाठी मागते आहे.

आपली विश्वासू,
एक निवासी डॉक्टर, जनऔषध वैद्यकशास्त्र