ॲम्पची वायर आणि फ्यूज : बंडूस पत्र

इंदूर,
१२ मे

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

‘गाडीच्या डिक्कीत स्पीकरसाठी ॲम्प (ॲम्प्लिफायर) बसवतोय, त्याला वायर कितीची आणि फ्यूज कितीचा, एवढंच सांग’ असं तू फोनवर म्हणालास. फोनवर सांगितलेलं तुझ्या डोक्यात किती राहतं ते शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून लिहूनच धाडतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात खरेदीला निघशील तेव्हा हे पत्र खिशात असू दे.

खोक्यावरचे २५०० वॉट आधी विसर. तो आकडा गिऱ्हाइकाला भुलवायला छापलेला असतो. पुस्तिकेत आरएमएस, म्हणजे ॲम्प सतत देऊ शकतो ती ताकद, बघ. तुझा ॲम्प ५०० वॉट आरएमएसचा, क्लास डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणाऱ्या जातीचा. असे ॲम्प घेतलेल्या विजेतली साधारण ८० टक्के स्पीकरकडे पाठवतात, उरलेली गरम होण्यात जाते. म्हणजे ५०० द्यायला तो सव्वासहाशे वॉट ओढणार. गाडी चालू असताना व्होल्टेज १३.८ च्या आसपास असतं, त्याने भागलं की ४५ अँपिअर आले. हाच ॲम्प जास्त वीज खाणाऱ्या क्लास एबीचा असता तर ६५ च्या पुढे गेला असता. तुझ्या ॲम्पच्या अंगावर ३०-३० चे दोन फ्यूज आहेत, म्हणजे बनवणाऱ्यानेही ६० पर्यंतची तजवीज केलेली आहे. आपणही ६० धरून चालू.

आता वायर. गेज म्हणजे वायरीच्या जाडीचा आकडा; त्याचा हिशोब उलटा असतो, आकडा लहान तितकी वायर जाड. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत वळणंबिळणं धरून ५ मीटर लागतील. ८ गेजच्या तांब्याला मीटरमागे २ मिलिओहमच्या आसपास रोध असतो. पाच मीटरला १० झाले, आणि ६० अँपिअर वाहिले की वाटेतच ०.६ व्होल्ट गेले. ४ गेज घेतलीस तर तेच नुकसान पाव व्होल्टावर येतं. म्हणून ४ गेज. दुकानदार ‘भैया, आठ में हो जाएगा’ म्हणेल. वाजेल, नाही असं नाही, पण जोराच्या ठोक्याला बेस बसेल आणि वायर हाताला गरम लागेल.

खरी मेख पुढे आहे. दुकानात टांगलेल्या तयार किटमधली लालभडक, बोटाएवढी वायर बघून हुरळू नकोस. तिचं टोक कापायला सांग आणि एक तार ब्लेडने खरवड. आत चंदेरी निघालं तर ते वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम. त्या ४ गेजकडून काम होतं ६ गेज तांब्याएवढं. (वरून चंदेरी आणि आत लाल असेल तर घाबरू नकोस, ते कलई केलेलं तांबं, उलट चांगलंच.) पुष्कळ किटांमध्ये तर जाडी सगळी प्लॅस्टिकचीच असते आणि आत तारा मोजक्याच. माझं म्हणशील तर किट घेऊच नये. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्याकडे जा आणि तांब्याची २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल माग. ४ गेज म्हणजे २१ चौरस मिलिमीटर, तेव्हा ही थोडी जास्तच भरते. बारीक तारांची असल्याने ती गाडीत छान वळते. मी इथे सियागंजातून तशीच आणतो. मात्र ‘कॉपर’ हा शब्द तोंडाने म्हण, कारण त्या केबलीही ॲल्युमिनियममध्ये मिळतात. बॉनेटखाली तिच्यावर काळी नालीदार नळी चढव, तेलाचा आणि उष्णतेचा त्रास होणार नाही.

फ्यूजबद्दल तुझा समज मुळातच उलटा आहे. तू म्हणालास, ‘ॲम्प महाग आहे, म्हणून फ्यूज त्याच्याजवळ लावतो.’ अरे, ॲम्पला त्याचे स्वतःचे फ्यूज आहेत. हा मोठा फ्यूज वायरीसाठी. बॅटरी म्हणजे स्टार्टर फिरवायला काहीशे अँपिअर देणारी वस्तू. वायर इंजिनाकडून आत येते तिथे पत्र्याला भोक असतं, आणि त्याची कड गाडीच्या थरथरीने इन्सुलेशन कापत राहते. एके दिवशी तांबं बॉडीला टेकलं की ते सगळे अँपिअर त्या वायरीतून धावणार, ती तुझ्या पायाशी, गालिच्याखाली लाल होणार, आणि फ्यूज डिक्कीत सुखरूप! रखवालदाराला फाटकावर उभं करायचं सोडून माडीवर झोपवल्यासारखं झालं हे. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत, जमलं तर वीतभरावरच. त्या भोकात रबरी ग्रॉमेट, म्हणजे कडेला बसणारं रबराचं कडं, हवंच हवं, त्याला पर्याय नाही.

किती अँपिअरचा? ॲम्पच्या मागणीच्या खाली नको आणि वायरीच्या कुवतीच्या वर नको. अस्सल तांब्याच्या या वायरीला मी ८० चा एएनएल किंवा मिडी फ्यूज लावीन. ६० चाही चालेल. दोन्ही म्हणजे दोन बोल्टांखाली आवळायची पट्टी. काचेच्या नळीवाले फ्यूज घेऊ नकोस, त्यांची टोकं सैल पडतात आणि होल्डर वितळतो. फ्यूज उडाला तर कारण शोध. १५० चा ठोकून मोकळा होऊ नकोस.

मायनसची वायर तेवढ्याच जाडीची, पण दीड फुटाहून आखूड. डिक्कीतला रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकेपर्यंत उघडा कर, त्यावर थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) बोल्टने आवळ आणि वर ग्रीस लाव. सीटबेल्टच्या बोल्टाला हात लावायचा नाही. स्टिरिओकडून ॲम्पला आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवरच्या वायरीच्या विरुद्ध बाजूने ने, नाहीतर ॲक्सिलरेटरबरोबर स्पीकरमधून कुईं कुईं ऐकू येईल. ठोक्यापुरती वीज साठवणारा कपॅसिटर लावायला सांगतील, तो माझ्या मते पैशाचा चुराडा. ठोक्याला हेडलाइट मंदावले तर बॅटरी-अल्टरनेटर तपासून घे.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढ, आणि फ्यूजची पट्टी अगदी शेवटी बसव. थिंबल साध्या पकडीने वायरीवर चेपायचे नाहीत, त्याला क्रिम्पिंगचं, म्हणजे घट्ट दाबून बसवायचं, हत्यार लागतं. माझ्याकडे आहे, आणि येत्या रविवारी आमचा सुहास ग्वाल्हेरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. परत मात्र नक्की कर, मागचा ड्रिल अजून तुझ्याकडेच आहे.

ती. काकूंना सा. नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
दिगू