आण्णा, त्या फोटोबद्दल

ती. आई आणि आण्णा,
शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आण्णांनी माझ्याशी एक शब्द न बोलता फोन आईच्या हातात दिला तेव्हाच कळलं की माझा तो दगडापाशी फुलं ठेवतानाचा फोटो बघितलाय. मग आई हळूच म्हणाली, "ते म्हणत्यात लढायला नको म्हणणाऱ्यांना फुलं वाहती, आणि पोरगी कुठली तर मिलिटरी अपशिंग्याची, फौजींच्या गावची." आण्णा, दोन रात्री मला नीट झोप नाही. फोनवर बोलायला गेले तर तुमचा आवाज चढणार आणि मी रडणार, म्हणून लिहितेय, नीट बसून वाचा.

ती जागा म्हणजे लंडनमधली टॅव्हिस्टॉक स्क्वेअर नावाची बाग. मधोमध गांधीजींचा बसलेला पुतळा आहे, 1968 पासून. जवळच हिरोशिमाच्या आठवणीत 1967 ला लावलेलं चेरीचं झाड, आणि एका बाजूला मोठा ओबडधोबड दगड, त्यावर लिहिलंय की मारायला नाही म्हणण्याचा हक्क ज्यांनी मिळवला आणि जे टिकवतायत त्या सगळ्यांसाठी. दरवर्षी 15 मे ला तिथं माणसं जमतात, लढायला नकार दिलेल्यांची नावं वाचतात, पांढरी फुलं ठेवतात. मी आमच्या ग्रुपबरोबर गेले होते.

ग्रुप म्हणजे पॅक्स क्रिस्टी, कॅथलिक लोकांची शांततेसाठी काम करणारी संघटना, अर्थ ख्रिस्ताची शांती. माझ्या वॉर्डातल्या केरळच्या मैत्रिणीने पहिल्यांदा नेलं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा दहा-बाराजण बसतात, बहुतेक सत्तरीच्या पुढचे, मेणबत्ती लावतात, थोडा वेळ गप्प बसतात, मग चहा आणि काम. आई, तुला जी भीती वाटतीय ती काढून टाक, मला कुणी बाटवत नाही, काळूबाईचा फोटो माझ्या कपाटात होता तिथंच आहे.

हे सुरू कसं झालं ते ऐका, आण्णा तुम्हाला आवडेल. फ्रान्समध्ये मोंतोबाँ नावाच्या गावी तेआस नावाचे बिशप होते. 1942 च्या ऑगस्टमध्ये ज्यूंना पकडून नेत होते तेव्हा त्यांनी उघड निषेधाचं पत्र लिहिलं, पण पोस्टाने पाठवलं तर सरकार उघडून बघणार, म्हणून मारी-रोझ जिनेस्त नावाची बाई सायकलवर ते पत्र एकेका चर्चमध्ये पोचवत फिरली. आपले आज्जा पत्री सरकारच्या चिठ्ठ्या भाकरीच्या फडक्यात बांधून न्यायच्या गोष्टी सांगायचे ना, मला तेच आठवलं, आणि काळ बघा, तोही साधारण तेव्हाचाच. पुढं 1944 ला गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, बिशपना पकडलं, तर तिथल्या कैद्यांना ते सांगायचे शत्रूवर पण प्रेम करा. 1945 च्या मार्चमध्ये, युद्ध अजून चालूच होतं, मार्थ दोर्तेल-क्लोदो नावाच्या शिक्षिकेने आणि त्यांनी मिळून जर्मन लोकांसाठी प्रार्थना सुरू केली. ज्यांनी आपला देश तुडवला त्यांच्यासाठी! त्यातून हे उभं राहिलं. हे घाबरटांचं काम आहे का, सांगा.

आणि मी मनात ज्याचं नाव घेऊन फूल ठेवलं तो तर आपल्यासारखाच शेतकरी. ऑस्ट्रियातल्या संक्त राडेगुंड नावाच्या खेड्यातला फ्रान्झ येगरश्टेटर. घरी बायको आणि तीन लहान मुली. हिटलरसाठी लढणार नाही म्हणाला, जखमींची सेवा करायची असेल तर करतो म्हणाला, पण ऐकलं नाही, 9 ऑगस्ट 1943 ला त्याचं डोकं उडवलं, वय 36. युद्धानंतर गावाने त्याचं नाव स्मारकावर घालायला आधी नकार दिला, बायकोला 1950 पर्यंत पेन्शन नाही मिळाली. आई, हे वाचून मला तू आठवलीस, बँकेच्या पायरीवर बसलेल्या बायका आठवल्या, पेन्शनसाठी अंगठा द्यायला आलेल्या. 2007 ला चर्चने त्याला धन्य म्हणून मान दिला तेव्हा ती बायको हजर होती, नव्वदी पार केलेली.

आण्णा, 1999 ला कारगिलच्या वेळी तुम्ही वर सीमेवर होता तेव्हा मी सात वर्षांची होते. आई रेडिओच्या जवळ बसून भाकरी थापायची आणि तवा करपायचा. पोस्टमन दिसला की शेजारची काकी घरात जायची, तिला बघवायचं नाही. तुम्ही आलात, आम्ही पेढे वाटले, आणि मग कितीतरी वर्षं तुम्ही रात्री उठून ओट्यावर बसायचा. कधी काही बोलला नाहीत. मी त्या दगडापाशी उभी राहिले ती तुमच्या वर्दीच्या विरुद्ध नाही हो, त्या ओट्यावरच्या रात्री मला कुठल्याच घरात नको आहेत म्हणून.

तुम्ही विचाराल, मग सीमेवर कुणी उभं राहायचं? हा प्रश्न तिथं पण निघतो आणि चांगला भांडून निघतो. आमच्यातले एक आजोबा स्वतः फौजेत होते, ते म्हणतात माझी मेडल मी टाकून देणार नाही, पण नातवाने घालावीत असंही मला वाटत नाही. मला त्यांचं पटतं. आणि अहिंसा म्हणजे हात बांधून बसणं नाही हे तर आपल्याकडं कुणी सांगायला नको, वाईत प्रज्ञापाठशाळेत शिकलेले विनोबाच 1940 ला पहिले वैयक्तिक सत्याग्रही होते. पोप फ्रान्सिस यांनी 2017 च्या 1 जानेवारीच्या शांतिदिनाच्या संदेशात गांधीजींचं आणि खान अब्दुल गफार खानांचं नाव घेतलंय, ते आमच्या हॉलमध्ये वाचलं तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले, मला उगीचच अभिमान वाटला.

कोणी अंगावर आलं तर काय करायचं याची प्रॅक्टिस पण घेतात, एकजण शिव्या देतो, दुसऱ्याने आवाज न चढवता, मागं न हटता बोलायचं. वॉर्डात एका पेशंटचा मुलगा पिऊन माझ्यावर धावून आला तेव्हा तेच उपयोगी पडलं. मी म्हटलं तुमचे वडील आत झोपलेत, त्यांना भेटायचंय ना, आणि तो तिथंच खाली बसून रडला.

आता एक काम. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आपल्या गावच्या 46 जणांबद्दल मी ग्रुपला सांगितलं. कुणाच्या लढाईसाठी गेले, कुठल्या मातीत राहिले. हॉल एकदम गप्प झाला. नोव्हेंबर हा यांच्यात गेलेल्यांची आठवण काढायचा महिना, आपल्या पितृपंधरवड्यासारखा, तर त्यांनी ठरवलंय की 46 मेणबत्त्या लावायच्या आणि मी नावं वाचायची. आण्णा, पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारून जेवढी मिळतील तेवढी नावं वहीत लिहा आणि वहिनीला फोटो काढून पाठवायला सांगा. अक्षर तुमचंच हवं. काही नावांचा उच्चार मला नीट जमणार नाही, तेवढा फोनवर सांगा, रविवारी तुमच्या रात्री आठला करते.

आई, गुडघ्याला तेल लाव, टाळू नकोस.

तुमची,
धाकटी